यहूदी घरातून येशूकडे पाहताना : कोल्हापूरकरांसाठी वाटाड्या

कोल्हापुरात सिनेगॉग, म्हणजे यहूदी प्रार्थनाघर, नाही. चर्च मात्र रिक्षाच्या अंतरावर आहे. शाळेतला मित्र, दवाखान्यातली सिस्टर, शेजारच्या काकू, ओळखीत कोणीतरी ख्रिस्ती निघतंच. शेमा, म्हणजे ‘ऐक इस्राएला, परमेश्वर एकच’ ही आपली प्रार्थना, नीट समजावून सांगणारा माणूस गाठायचा तर पुण्याची गाडी धरावी लागते, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहूदी, घरातल्या कोणाला येशूबद्दल कुतूहल वाटू लागलं की एक बाजू दर रविवारी ऐकू येते आणि दुसरी वर्षातून एकदा, तीही लग्नाच्या पंगतीत. हा लेख त्या माणसासाठी आहे. त्याने ख्रिस्ती व्हावं म्हणून तो लिहिलेला नाही, होऊ नये म्हणूनही नाही.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पाहणं वेगळं आणि पाणी वेगळं. नवा करार वाचला, चर्चच्या बाकावर बसलात, पाळकसाहेबांशी तासभर वाद घातलात, तरी तुमच्या यहूदीपणाला धक्का लागत नाही. बाप्तिस्म्याने मात्र समाजातली जागा आणि काही हक्क खरोखर बदलतात. पाहायला तीन वर्षं लावा, कोणाचं काही बिघडत नाही. पाण्याची घाई कोणी करू लागलं तर थांबा.

आपल्या लोकांना यात नवं काही नाही. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आणि कोकणातून आलेली बेने इस्राएल मुलं मिशनच्या शाळांत हिब्रू शिकली. शिकली पुष्कळ, बाप्तिस्मा घेतला फारच थोड्यांनी. मिशनऱ्यांना त्याचं वाईट वाटलं, पण शिकवणं त्यांनी थांबवलं नाही. शिकणाऱ्यांनीही हिब्रू नेली ती सिनेगॉगात वापरायला. कोल्हापुरात रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. पुढे १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. इथल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळींचं मूळ तिथे आहे. तुम्हाला दिसणारी उपासना साधी, प्रवचनाभोवती फिरणारी आणि मूर्ती नसलेली असते ती त्यामुळे.

पहिली पायरी : दोन पुस्तकं समोर ठेवा, एक नव्हे

मराठी ‘पवित्र शास्त्र’ बायबल सोसायटीचं मिळतं, फोनवर फुकटही वाचता येतं. पण एकटं ते पुरत नाही. शेजारी तनाख, म्हणजे यहूदी धर्मग्रंथ, हवा, हिब्रू मजकुरासह. सेफारिया या संकेतस्थळावर तो इंग्रजी भाषांतरासह विनामूल्य आहे, राशी या मध्ययुगीन यहूदी भाष्यकाराच्या टीकेसकट. हिब्रू येत नसेल तरी चालेल; निदान कुठला शब्द कुठे आहे ते दिसतं.

दोन्ही उघडली की पहिला गोंधळ आकड्यांचा होतो. तनाखात २४ पुस्तकं, प्रोटेस्टंट जुन्या करारात ३९, कॅथलिकांच्यात ४६. मजकूर बहुतेक तोच. यहूदी मोजणीत शमुवेल, राजे आणि इतिहास एकेकच, बारा लहान संदेष्टे मिळून एक आणि एज्रा-नहेम्या एक, म्हणून २४. कॅथलिकांची जादा पुस्तकं ग्रीक भाषांतराबरोबर आलेली आहेत. क्रमही वेगळा आहे. तनाख ‘इतिहास’ या पुस्तकावर संपतो, म्हणजे कोरेश राजा लोकांना यरुशलेमेला परत जायला सांगतो तिथे. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो, एलीया येणार या वचनावर. पान उलटलं की लगेच मत्तय. हा फरक छपाईतला वाटतो, पण वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम मोठा होतो: एक पुस्तक घरी परतायला सांगतं, दुसरं वाट पाहायला लावतं.

अध्याय-ओव्यांचा घोळ तर हमखास होतो. मलाखीला ख्रिस्ती बायबलात ४ अध्याय, हिब्रूत ३. एलीयाची ती ओवी एकीकडे ४:५ आणि दुसरीकडे ३:२३. योएल उलटा: हिब्रूत ४, ख्रिस्तीत ३. यशया ९:६ हिब्रूत ९:५ ला आहे. स्तोत्रांत वरचा मथळा हिब्रूत ओवी म्हणून धरतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी एक आकडा पुढे जातो; स्तोत्र ५१ मध्ये दोन. ‘पाळकांनी सांगितलेली ओवी आमच्यात नाहीच’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दहातल्या नऊ वेळा ओवी असते, फक्त शेजारच्या घरात. दहा आज्ञांचंही तसंच. ‘मी परमेश्वर तुझा देव’ हे यहूदी मोजणीत पहिलं वचन, प्रोटेस्टंटांच्यात प्रस्तावना.

वाचनाचा क्रम असा ठेवा. मत्तय २८ अध्याय, प्रेषितांची कृत्ये २८, रोमकरांस पत्र १६, इब्री लोकांस पत्र १३. एकूण ८५. रोज एक धरला तर तीन महिन्यांच्या आत होतं, आणि रोज एकापेक्षा जास्त वाचू नका. कारण मत्तयात ‘संदेष्ट्याच्या द्वारे सांगितलेलं पूर्ण व्हावं म्हणून’ असं आलं की थांबून मूळ जागा काढायची आहे, आणि नुसती ती ओवी नाही, तिच्या मागचा-पुढचा अख्खा अध्याय. याला अर्धा तास जातोच.

मत्तय आधी का, तर तो तुमच्याच घरातल्या भाषेत सुरू होतो: अब्राहाम, दावीद, वंशावळ. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट तो पाडतो. हिब्रू अक्षरांची आकड्यांतली किंमत ठाऊक असलेल्याला दावीद या नावाची बेरीज चौदा होते हे आपोआप दिसतं. शेजारच्या ख्रिस्ती मित्राला ते तुम्हीच सांगाल. योहान मागे ठेवा. त्यात ‘यहूदी’ हा शब्द सुमारे ७० वेळा येतो, पुष्कळदा विरोधकांसाठी, आणि लिहिणारा, येशू, शिष्य सगळे स्वतः यहूदी होते हे विसरून वाचलं तर घशाशी येतं. मत्तय २७:२५ आलं, ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’, की तिथेही हेच. त्या एका ओवीच्या जोरावर युरोपात शतकानुशतकं यहूद्यांना छळलं गेलं. कॅथलिक चर्चने १९६५ च्या आपल्या जाहीरनाम्यात, येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्यांवर टाकता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं. तुमचा पाळक ती ओवी कशी समजावतो ते ऐका. माणूस कळायला ती ओवी पुरते.

प्रकटीकरणाने सुरुवात करू नका. का ते उघडून पाहाल तेव्हा कळेल.

दुसरी पायरी : पाच-सहा जागा, जिथे दोन्हीकडचे अडतात

चर्चमधला मित्र तुम्हाला ठरावीक ओव्या दाखवणार. त्या आधीच दोन्ही बाजूंनी पाहून ठेवल्या तर ना गडबडायला होतं, ना उगाच चिडायला.

यशया ७:१४. मराठीत ‘कुमारी’ आहे. हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण मुलगी. येशूच्या आधीच्या ग्रीक भाषांतराने तिथे ‘पार्थेनोस’, कुमारी, असा शब्द घातला आणि मत्तयाने तो उचलला. अध्याय पूर्ण वाचला तर बोलणं आहाज राजाशी चाललंय, दोन शत्रू राजांच्या भीतीबद्दल. यहूदी वाचक म्हणतो, हे त्या काळचं चिन्ह. ख्रिस्ती वाचक म्हणतो, तेव्हाचंही आणि पुढचंही. भाषांतर मुद्दाम बिघडवलं हा आरोप टिकत नाही, कारण ते ग्रीक भाषांतर करणारे यहूदीच होते. आणि हिब्रूत ‘कुमारी’च लिहिलंय हा दावाही टिकत नाही.

स्तोत्र २२:१६, हिब्रूत १७. मराठीत हातपाय विंधल्याचं वाचाल. प्रचलित हिब्रूत ‘काआरी’, सिंहासारखे. एका अक्षराच्या शेपटीचा वाद आहे, लहान योद आणि लांब वाव. सेफारियावर मोठं करून पाहा.

यशया ५२:१३ पासून ५३:१२ पर्यंत. यावर सगळ्यात जास्त बोलतात. राशीने (१०४०–११०५) दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल लोक असं वाचलं. त्याआधीच्या तारगुमने, म्हणजे अरामी भाषांतराने, ‘माझा सेवक मशीहा’ असं म्हटलं, पण दुःख दुसरीकडे वळवलं. म्हणजे यहूद्यांनी इथे मशीहा कधी पाहिलाच नाही हे खरं नाही, आणि ख्रिस्ती अर्थ सरळ समोर पडलाय हेही नाही. हा अध्याय सिनेगॉगात वाचायला बंदी आहे अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरते. बंदी वगैरे काही नाही. हाफतारा ही निवडक वाचनं असतात, संदेष्ट्यांचा बराच भाग त्यांत येत नाही, हा अध्याय त्यातलाच एक. घरी वाचा, मोठ्याने वाचा.

मत्तय २:१५ होशेय ११:१ घेतो. होशेयात मिसर देशातून बोलावलेला पुत्र म्हणजे इस्राएल, भूतकाळ. मत्तय चुकला असं पटकन म्हणू नका. तो येशूला इस्राएलच्या जागी उभा करतोय. पटेल न पटेल, पण तो काय करतोय ते कळलं पाहिजे.

आणि सगळ्यांत मोठा अडसर, त्रैक्य. शेमात ‘एखाद’ म्हणजे एक. काही प्रचारक सांगतात की ‘एखाद’ हा शब्द मुळातच अनेकांच्या एकीसाठी आहे, म्हणून त्यात पिता, पुत्र, पवित्र आत्मा बसतात. हा मुद्दा कच्चा आहे. ‘एखाद’ हा मोजणीतला साधा एक आहे: एक दिवस, एक माणूस, एक बकरा. चांगले ख्रिस्ती अभ्यासक त्याचा आधार घेत नाहीत. ते योहानाचा पहिला अध्याय आणि ३२५ सालच्या निकीया परिषदेपासून बोलतात. रम्बाम या मध्ययुगीन यहूदी आचार्याच्या तेरा तत्त्वांतलं दुसरं तत्त्व, देव एकच आणि त्याच्यासारखं दुसरं एकत्व नाही हे, इथे आडवं येतं, आणि ते हलकेच बाजूला सारता येण्यासारखं नाही. हलाखा, म्हणजे यहूदी धर्मनियम, एवढंच म्हणेल: देवाबरोबर आणखी कोणाला जोडणं बिगरयहूद्याला माफ असेलही, यहूद्याला नाही. यावर तुमचं मन काय म्हणतं ते ठरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लागू द्या.

दिलासा देणारी जागाही आहे, आणि ती बेने इस्राएलांनाच नीट कळते. मलिद्याचं ताट डोळ्यांसमोर आणा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात आपण एलीयाला बोलावतो. आता मत्तय ११:१४ काढा. तिथे येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल म्हणतो की येणारा एलीया तो हाच. आणि १७ व्या अध्यायात डोंगरावर एलीया स्वतः दिसतो. ज्यांच्या घरी एलीया पाहुणा म्हणून येतो त्यांना ही दोन पानं वाचताना जे वाटतं ते चर्चमधल्या इतरांना वाटत नाही. चर्चा सुरू करायची तर इथून करा, यशया ५३ पासून नको.

तिसरी पायरी : रविवारी आत जाऊन बसणं

पहिल्यांदा गुड फ्रायडेला जाऊ नका. त्या दिवशी प्रोटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात आणि कॅथलिक चर्चमध्ये योहानाचं दुःखसहन वाचतात. ‘यहूदी, यहूदी’ ऐकत तीन तास बसणं ही ओळख नव्हे. नाताळही नको, गर्दीत काही कळत नाही. पावसाळ्यातला साधा रविवार धरा. शाब्बाथ, आपला विसाव्याचा दिवस, शनिवारी मावळल्यावर संपलेला असतो, त्यामुळे आड येत नाही.

वेळेच्या दहा मिनिटं आधी जा, मागून तिसऱ्या बाकावर, कडेला बसा. काही ठिकाणी बायका-पुरुष वेगळ्या बाजूंना बसतात; आधी पाहा, मग बसा. पुरुषांनी डोकं उघडं ठेवायची चर्चची रीत आहे, आपली झाकायची. किप्पा घालून गेलात तर कोणीतरी प्रेमाने ‘टोपी काढा’ म्हणणारच. आदल्या दिवशी पाळकांना फोनवर सांगून ठेवलं तर हा प्रसंग टळतो. सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही, क्रूसाची खूण करायचीही नाही, आणि मनाला न पटणारं मोठ्याने म्हणायची तर मुळीच नाही. अर्पणाची थैली फिरते. पाहुण्याने न टाकता पुढे दिली तरी कोणी मोजत नाही.

कान उघडे ठेवा, ओळखीचं बरंच भेटेल. आमेन, हालेलूया, होसान्ना आपलेच. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ येतं तेव्हा ती यशया ६:३ मधली, आपल्या प्रार्थनेतली केदूशा असते. भाकर आणि द्राक्षारस वर उचलताना फादर जी प्रार्थना म्हणतात तिची चाल आपल्या बेराखेची, आशीर्वादाच्या प्रार्थनेची. प्रोटेस्टंट उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून पुष्कळदा ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ म्हणतात. ती गणना ६:२४ आहे, कोहेनांचा, म्हणजे याजकांचा, आशीर्वाद. फक्त तळहातांवर तालीत, प्रार्थनेची शाल, नसतो आणि बोटं तशी फाकलेली नसतात.

खटकणारंही भेटेल. आपण ज्या नावाच्या जागी ‘अदोनाय’ म्हणतो, ते नाव काही स्वतंत्र मंडळ्यांत माइकवरून गाण्यात घेतात. कॅथलिक चर्चमध्ये पुतळे असतात. ते म्हणतील की आम्ही पूजा नाही, मान देतो. दुसरी आज्ञा ऐकून वाढलेल्याला हे पचणं अवघड जातं, आणि पहिल्याच दिवशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मूर्तींचा फार त्रास होत असेल तर सुरुवात प्रेस्बिटेरियन वळणाच्या चर्चपासून करा. आणखी एक: कुठे कुठे शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकणारी आणि खांद्यावर तालीत घेतलेली माणसं दिसतील, ज्यांच्या सात पिढ्यांत यहूदी नाही. तुम्ही आलात की त्यांना फार आनंद होतो. तो आनंद तुमच्यासाठी आहे की त्यांच्या सजावटीसाठी, ते दोन-तीन भेटींत कळतं.

प्रभुभोजन घेऊ नका. यात तुमचा अपमान नाही. कॅथलिक चर्चमध्ये ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतं, प्रोटेस्टंट चर्चमध्येही बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. जागेवर बसून राहा. कॅथलिकांची भाकर बेखमीर, पातळ चकतीसारखी असते. प्रोटेस्टंटांकडे बहुधा पावाचे तुकडे आणि बारक्या पेल्यांत द्राक्षाचा रस. किद्दूशला, शाब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, मनुका भिजवून केलेलं सरबत पिऊन वाढलेल्याला तो पेला लगेच ओळखू येतो, आणि हात पुढे जातो. हात आवरा. शेवटचं भोजन म्हणजे आपला सेदेरच, वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, होता असं कोणी सांगेल. मत्तय, मार्क, लूक त्याला वल्हांडणाचं जेवण म्हणतात, योहान ते एक दिवस आधी धरतो. आणि आज आपण करतो तो सेदेरचा क्रम मंदिर पडल्यानंतर, म्हणजे ७० सालानंतर बसला. मात्झा आणि द्राक्षारस खरे, बाकी जुळवाजुळव सावकाश.

उपासनेनंतर जेवण असेल तर ते कोल्हापुरी असणार. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, म्हणून दूध आणि मांस एकत्र न खाण्याचा प्रश्न तिथे येईलच असं नाही, पण मटण दह्यात मुरवलेलं असू शकतं आणि बकरा कोशेर रीतीने, म्हणजे यहूदी अन्ननियमांप्रमाणे, कापलेला नसतोच. कोशेर पाळत असाल तर सरळ शाकाहारी ताट मागा, कारण सांगत बसू नका. ‘आता काय, येशूने सगळं शुद्ध केलं, खा’ असं कोणी ताटात वाढू लागलं तर रोमकरांस १४ वाचायला सांगा. दुसऱ्याच्या खाण्यावरून त्याला दुखवू नका, असं पौलच तिथे लिहून ठेवतो.

चौथी पायरी : पाळकांना आणि हझानांना तोच प्रश्न

सहा-आठ रविवार झाले की पाळकसाहेबांना किंवा फादरना वेळ मागा. प्रश्न लिहून न्या. देवाने इस्राएलशी केलेला करार संपला असं तुम्ही मानता का? उत्तर ‘हो, आता चर्च हेच इस्राएल’ असं आलं तर रोमकरांस ९ ते ११ उघडून विचारा. ११:२९ मध्ये पौल म्हणतो की देवाची दानं आणि बोलावणं मागे घेतलं जात नाही. बाप्तिस्म्यानंतर मी पेसाख (वल्हांडण) आणि शाब्बाथ पाळला तर चालेल का? कृत्ये १५ मध्ये बिगरयहूद्यांवर नियमशास्त्राचं ओझं टाकू नये असं ठरलं, चार गोष्टी सोडून. यहूद्यांनी सोडावं असं तिथे ठरलेलं नाही, आणि पुढच्याच अध्यायात पौल यहूदी आईच्या तीमथ्याची सुंता करतो. हे पाळकांना ठाऊक असलं तर बोलणं खोलात जाईल. तयारीला किती महिने लागतील, तेही विचारा.

आणि हे नक्की सांगा: माझा फोटो, माझी साक्ष, माझं नाव कुठेही जाणार नाही. ‘यहूदी बंधू आले’ ही बातमी चर्चच्या वर्तुळात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फार वेगाने फिरते, आणि ठाण्याच्या मामांना ती तुमच्या आधी कळते. साक्षीचा व्हिडिओ करू द्यायचा नाही, हसतहसत मागितला तरी.

तोच कागद घेऊन पुण्याला जा. दोन सिनेगॉग आहेत: रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो १९२१ चं, कॅम्पातलं लाल देऊळ १८६७ चं. आधी फोन करून, ओळख देऊन जा. सुरक्षेसाठी विचारपूस होते, मनाला लावून घेऊ नका. हझानसाहेबांना, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना, किंवा शिकलेल्या वडीलधाऱ्यांना स्वच्छ सांगा की मी वाचतोय आणि मला आपलं उत्तर हवंय. कोणी रागावेल. कोणी दोन तास देईल. त्या दोन तासांसाठी जायचं असतं. या पायरीवर येणारा प्रत्येक जण एक अडचण सांगतो: ‘आमच्या घरी कोणी शिकवलंच नाही, चर्चने शिकवलं.’ खरी तक्रार आहे. पण मग आपल्या घरचं आधी शिकून घ्या, निदान तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, आठवड्याच्या पाराशा (ठरलेले भाग) वर्षभर. न शिकलेली गोष्ट सोडता येत नाही.

पाचवी पायरी : घरी सांगणं

आईला दुसऱ्याकडून कळू देऊ नका. पेसाखच्या आठवड्यात नको, योम किप्पूरच्या उपासात नको, कोणाच्या अझकाराला, म्हणजे मृताच्या स्मरणविधीला, नको. साध्या दिवशी, चहाच्या वेळी. ‘आई, मी नवा करार वाचतोय. काही ठरवलेलं नाही. ठरलं तर तुला आधी सांगेन,’ इतकंच पुरे. यातलं शेवटचं वाक्य पाळायचं असतं. त्या बैठकीत ओव्या काढू नका. आजी रडल्या तर त्यांचं रडणं युक्तिवादाने थांबत नाही. त्यांच्या मनात धर्मशास्त्र नसतं, कब्रस्तान असतं. आपला मुलगा आपल्या शेजारी पुरला जाणार नाही, हे.

ते खरंही आहे. हलाखेप्रमाणे यहूदी माणूस पाप करूनही यहूदीच राहतो, असं तालमूद सांगतो, पण दुसरा धर्म घेतलेल्याला मिन्यानात, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, धरत नाहीत, आणि दफनाची जागाही सहसा मिळत नाही. येशूला मशीहा मानून स्वतःला मशीहवादी यहूदी म्हणवणारे म्हणतात की आम्ही दोन्ही आहोत. त्यांचं म्हणणं ऐका, पण सिनेगॉग ते मान्य करत नाही हेही ऐका.

कागदपत्रांचं थोडक्यात

इस्राएलला जायचा विचार घरात असेल तर हे आधी वाचा. यहूद्यांना तिथे येऊन नागरिक होऊ देणारा परतीचा कायदा १९५० चा. १९७० च्या दुरुस्तीने यहूदी म्हणजे यहूदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्म स्वीकारलेला, ‘आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला’. स्वेच्छेने धर्म बदललेल्या यहूद्याला नातवंडांसाठी असलेली सवलतही मिळत नाही. १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यहूदी आईच्या पोटी जन्मलेल्या एका कॅथलिक संन्याशाला या कायद्याखाली नागरिकत्व नाकारलं, आणि १९८९ मध्ये मशीहवादी यहूद्यांनाही. म्हणजे अर्ज करायचा असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला ही कपाटात ठेवून विसरायची गोष्ट नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. मृत्युपत्र नसताना वारसा यहूद्यांना आणि ख्रिस्त्यांना एकाच, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मिळतो, त्यामुळे तिथे काही हलत नाही. ख्रिस्ती मुला-मुलीशी लग्न करण्यासाठी कायद्याला तुमचा बाप्तिस्मा लागत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा तीस दिवसांच्या नोटिशीवर आहेच. कॅथलिक चर्च अशा लग्नाला बिशपांची परवानगी मागतं. केवळ लग्नासाठी बाप्तिस्मा घेणं ही आमच्या मते सगळ्यात वाईट वाट आहे. दोन्ही घरांना ते खोटं असल्याचं माहीत असतं. सरकारी कागदांवर धर्म बदलायचा तर राजपत्रात नोंद करावी लागते, चर्चचा दाखला तेवढ्याने पुरत नाही. त्याआधी धर्मांतराबद्दल राज्यात त्या दिवशी कोणता कायदा लागू आहे ते वकिलाकडून समजून घ्या, पाळकांकडून नव्हे.

पाण्यापर्यंत आलात तर

कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी काही महिन्यांची, बहुधा पुढच्या ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंतची असते. उत्तर भारत मंडळीत (सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चमध्ये) बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा, दोन्ही चालतात. तिथेही वर्ग घेतात. काही स्वतंत्र मंडळ्या तिसऱ्या रविवारी नदीवर न्यायला तयार असतात. तेव्हिला, आपली शुद्धीची बुडी, माहीत असलेल्याला पूर्ण बुडी जवळची वाटते, आणि त्या जवळिकीमुळेच घाई होते. आमचा हिशेब साधा आहे: ८५ अध्याय, एक पूर्ण यहूदी वर्ष सणांसकट, पुण्याच्या निदान दोन फेऱ्या, आणि आईला सांगून झालेलं. यातलं एकही राहिलं असेल तर तारीख पुढे ढकला. ‘आजच मेलात तर?’ असं विचारणाऱ्याला तारीख देऊ नका.

दारावरच्या मेझुझाचं, म्हणजे चौकटीवर लावलेल्या शास्त्रवचनांच्या चर्मपत्राच्या डबीचं, काय, हा प्रश्न शेवटी येतोच. घरात आई-वडील राहत असतील तर तिला हात लावायचा नाही, ती त्यांच्या दाराची आहे. स्वतःचं वेगळं घर असेल आणि ती काढायची ठरलीच, तर प्रार्थनेला आलेल्या कोणाच्या हाती देऊ नका, कचऱ्यात तर नाहीच. चर्मपत्र गुंडाळीसकट रुमालात बांधून पुण्याला न्या. चांगलं असेल तर दुसऱ्या दाराला लागेल, अक्षरं उडाली असतील तर सिनेगॉगवाले ते गेनिझात, म्हणजे जीर्ण धर्मलेख ठेवायच्या जागेत, ठेवतील आणि रीतीप्रमाणे पुरतील. जुनी सिद्दूर (प्रार्थनापुस्तक), आजोबांचा तालीत आणि तेफिलीन (प्रार्थनेला हाताला-कपाळाला बांधायच्या पेट्या) त्याच पिशवीत. भावाला हवेत का, ते मात्र आधी विचारा.